चांदीची दाढ अन् ओली सरकी

सरकी दाढेखाली चावायची अन् कापूस ओला का वाळला ते सांगायचं, एवढंच माहं काम होतं. दुसरं काहीच येत नव्हतं मले. शाळेत मी एकच दिवस गेलतो, तो बी आमचा बैल तिथं घुसला होता म्हनून.

घाटंजीच्या एका जीनमधी, म्हंजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, मी कामाले होतो. महाराष्ट्र झाला त्याच्या आगच्या-मागच्या सालाची गोष्ट. दिवाळी झाली का कापसाच्या बैलबंड्या फाटकापासून थेट सडकेवर लागायच्या. बंडी आत आली का मी त्याच्यावर चढायचो अन् खांद्यापर्यंत हात घालून खालच्या थरातला कापूस ओढायचो. वरच्या थरातला नाई, वरचा तं सारेच वाळवून आनते. त्या कापसातली एक सरकी सोलायची अन् उजव्या बाजूच्या खालच्या दाढेखाली धरून चावायची. 'कट्' वाजलं का कापूस वाळला. मऊ दबली, आवाज नाई आला, तं ओला. कोन दवात वेचून आनलेला, कोन रात्री वजनासाठी पानी शिंपडलेला. मंग मी वरडायचो, "वाळला!" नाई तं "ओला!" अन् शेट त्याच्यावरून भाव बोलायचा.

लोक मले दातवाला म्हनत. मी सोताले भल्ला मोठा मानूस समजून राह्यलो होतो. घरी भाजीत पानी जास्त झालं तरी मी ताटावरून "ओला!" म्हनून वरडायचो. बायको म्हने, "हाव, ओला. आता गिळा."

माही बायको त्याच जीनमधी होती. पंधरा-वीस बाया एका शेडमधी बसून कापसातला पालापाचोळा निवडत, त्याइच्यात. शेड म्हंजे माह्या बंड्यापासून धा-पंधरा हातावर. ती खाली मुंडी घालून निवडे अन् मी वर बंडीवर उभा राहून वरडे. मले वाटे, बाई मनातल्या मनात किती फुगत असन, आपला नवरा केवढा मोठा हाये म्हनून.

त्या साली दसऱ्यापासून ती दाढ दुखाले लागली. पह्यले थोडी, मंग अशी का सकाळी कोनी 'राम राम' म्हटलं तरी ठनका लागे. मी लवंग ठेवली, हिंग ठेवला, तंबाखू ठेवला. आमच्याकडचा एक बुढा रिंगनीच्या काटेरी झुडपाच्या बियाचा धूर देत असे. मडक्यातून धूर काढायचा, बांबूच्या नळीनं दाढेवर घ्यायचा, अन् खाली पान्याच्या परातीत किडे पडते म्हने. माह्या परातीत बी पडले. चार बारके पांढरे. मी खुश होऊन ते चारी किडे पानात बांधून बायकोले दाखवाले आनले. तिनं बोटानं उचलून पाह्यले.

"हे तं रिंगनीच्या बीचे कोंब हाये," ती म्हनली. "धगीनं फुगले."

"अवं, किडे हाये ते. वळवळत होते."

"तुमी बी वळवळत होते धुरानं. म्हून का तुमाले किडा म्हनू?"

दाढ काही थांबली नाई. मी मंग चोरून डाव्या बाजूनं सरकी चावाले लागलो. पन डाव्या बाजूची दाढ आधीच झिजलेली, तिले आवाज कुठचा. अंदाजानं वरडायचो. एका दिवशी एका शेतकऱ्याचा खडखडीत वाळलेला कापूस मी "ओला!" म्हनून वरडलो. तो बंडीवरून उडी मारून माह्या छातीवर आला. "ओला? अबे, पंधरा दिवस आंगनात वाळू घातला मी! तुह्यं थोबाड ओलं हाये!" अन् दुसऱ्या दिवशी एकाचा पान्यानं निथळता कापूस मी वाळला सांगतला. त्या मानसानं हात जोडले अन् बैल हाकलून गेला. तवाच मले समजाले पाह्यजे होतं.

शेटले समजलं. शेट वरडनारा मानूस नव्हता. त्यानं मले बोलावलं, आपल्या डब्यातलं पान देलं अन् म्हनला, "चाव."

मी डाव्या बाजूनं चावलं.

"उजव्या बाजूनं चाव."

मी उजव्या बाजूले नेलं अन् डोयात पानी आलं.

"हं," शेट म्हनला. "दातवाल्याले दात नाई. आठ दिवस देतो. दाढ दुरुस्त करून आन, नाई तं बोजे उचलाले जा. मी दुसरा पाहतो."

बोजे उचलाले म्हंजे मले हमालीत टाकनार होता. माही पाठ पाह्यली असती तुमी तं हासले असते. कापसाच्या बोज्यापेक्शा माहं वजन कमी होतं त्या वक्ती. बोजा मले उचलून नेला असता.

दाढ काढून टाकायची म्हटलं तं सोपं होतं. आठवडी बजारात एक मानूस फडकं हातरून बसायचा, त्याच्यावर काढलेल्या दाताचा ढीग अन् हातात सांडशी. पन दाढ काढली तं सरकी कायनं चावू? हिरडीनं? म्हनून मी जीनच्या मिस्तरीकडे गेलो. मिस्तरी मुसलमान, इंजिनाचा कारीगर, गावात कुठंही काही बिघडलं का त्याले हात लावे. मी म्हटलं, "मिस्तरी, तुमीच काही करा ना. इंजिन दुरुस्त करता."

त्यानं बॅटरी लावून तोंडात पाह्यलं अन् तोबा तोबा केलं. "अरे मियाँ, ये तो कुआँ है! निकालना मत. यवतमाळ में दाँत का नया डाक्टर आया है, छेद भर देता है."

"कायनं भरते?"

"चांदी से. चांदी!"

मी तिथंच उभा राह्यलो. जनमात माह्या खिशात चांदी नाई आली, अन् आता तोंडात येनार होती.

घरी आलो तं मले चिंता पडली. चांदी कोनाची? बायकोले म्हटलं, "अवं, सोनाराकडे आपन जातो तं आपलीच चांदी नेतो का नाई? त्याच्या घरची घेतली तं त्यात खोट असते. हा डाक्टर बी तं तेच करन. वर चांदी, आत कथील."

"मंग आपलीच न्या."

"आपल्याकडे हाये कुठं?"

ती उठली, कुंकवाच्या पेटीतून एक तुटलेलं जोडवं काढलं. मागच्या साली मोडलं होतं, नवीन घेतल्यावर जुनं तसंच ठेवलं होतं. माह्या हातावर ठेवलं.

"हे?" मी म्हटलं. "पायातलं तोंडात?"

"तुमच्या तोंडातून काय काय निंगते ते मले रोज आइकू येते," ती म्हनली. "इटाळ झाला तं जोडव्याले होईन."

ते जोडवं मी राखेनं घासलं, तीनदा धुतलं, धोतराच्या कनवटीले बांधलं अन् सकाळच्या यष्टीनं यवतमाळले गेलो.

दवाखाना सापडाले मले काहीच तरास नाई झाला, वाचता येत नव्हतं तरी. दारावर लाकडाचा एक मोठा फळा, अन् त्याच्यावर बत्तीस दात रंगवलेले. नुस्ते दात. ना ओठ, ना नाक, ना मानूस. भर चौकात ते दात हासून राह्यले होते. मी सडकेच्या पलीकडे उभा राहून पाह्यलं अन् मले वाटलं, ज्याचे हे दात हाये त्याचं बाकीचं काय केलं यानं?

आत गेलो तं न्हाव्याच्या दुकानासारखी एक खुर्ची. मी तिच्यात बसलो, मान मागं टाकली अन् सवयीनं डोये मिटले. डाक्टर हात धुवून आला. तरुन मानूस, चष्मा, पांढरा कोट, बोलनं शहरातलं.

"काय त्रास आहे?"

मी डोये उघडले अन् घाईघाईनं म्हटलं, "साहेब, दाढी नाई कराची हो. दाढ हाये."

तो हासला. "मी पण दाढी करत नाही. आ करा."

त्यानं एक बारकाला आरसा तोंडात घातला. मले वाटलं, मलेच पाहाले देऊन राह्यला, म्हून मी तो जिभेनं बाहेर ढकलला. त्यानं परत घातला. मी परत ढकलला. असं तीनदा झालं. मंग तो म्हनला, "भाऊ, हा आरसा माझ्यासाठी आहे."

पाहून झाल्यावर म्हनला, "उशीर केलात. पण दाढ जिवंत आहे."

हे आइकून माह्या आंगावर काटा आला. जिवंत? मानूस जिवंत असते, बैल जिवंत असते. माह्या तोंडात आनखी कोनी जिवंत हाये अन् मी त्याच्यानं रोज सरकी फोडून राह्यलो? मी इचारलं, "अन् किडा? किडा बी जिवंत हाये का? काढला का मले दाखवा साहेब. घरच्या बाईले दाखवाचा हाये."

"किडा नसतोच दातात."

"नसते?"

"नाही. दात किडतो, पण त्यात किडा नसतो."

चाळीस वर्सं... नाई, त्या वक्ती मी तिशीतला होतो. तीस वर्सं मी ज्या किड्याच्या भरोशावर होतो तो किडा या मानसानं एका बोलन्यात काढून टाकला. मी म्हटलं, "बरं मंग भोक बुजवा."

"बुजवू. आधी मोठं करावं लागेल."

मी उठून बसलो. "मोठं? साहेब, बुजवाचं हाये ना? मंग मोठं कायले करता? मी घर सारवाले बोलावलं अन् तुमी भिंत पाडून राह्यले!"

"आतली घाण काढल्याशिवाय कसं भरू? टिकणार नाही," तो म्हनला अन् त्यानं मले परत खुर्चीत लोटलं.

मंग त्यानं ते मशीन ओढलं. लोखंडी खांब, वर चाक, चाकावर दोरी, दोरीच्या टोकाले बारकी सळई, अन् खाली पाय मारायचा पेडल. शिंप्याचं मशीन असते अगदी तसं. मी मनात म्हटलं, हा भोक बुजवत नाई, हा तोंड शिवते. डाक्टरनं एका पायानं पेडल माराले सुरुवात केली अन् ती सळई घर्रर्र फिरत माह्या दाढेत गेली.

आता हे कसं सांगू. मी चौदा वर्सं जीनमधी काढली, इंजिनाच्या बाजूले जेवलो, बाजूले झोपलो. पन जीन बाहेर असते. त्या दिवशी जीन माह्या डोक्यात चालू झाली. कान हालून राह्यले, डोये हालून राह्यले, पायाची बोटं हालून राह्यली. जळल्यासारखा वास आला. मले समजलं का हा वास माहाच हाये. मधूनच डाक्टरचा पाय थकला का सळई हळू होई अन् तेव्हाच जास्त दुखे. मी हातानं त्याले खुना करून राह्यलो, जोरात मारा, जोरात मारा! तो समजला का मी थांबवून राह्यलो. तो थांबला. मी वरडलो, "थांबू नका हो, बंडी चढावर हाये!"

अर्ध्या तासानं भोक मोठं झालं. मी जीभ लावून पाह्यली तं माही जीभ आतच गेली. मले वाटलं हा आता माह्यात कापूस ठेवते.

डाक्टरनं एका शिशीतून पांढरट भुकटी काचेच्या खलात टाकली. म्हनला, "आता चांदी भरतो."

मी म्हटलं, "थांबा." कनवटी सोडली, जोडवं काढलं अन् त्याच्या हातावर ठेवलं. "ही भरा."

तो पाहत राह्यला. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"हे... जोडवं आहे का?"

"हाव. पन तुटलं हाये. कोनाच्या पायात नाई. राखेनं घासून तीनदा धुतलं."

"अहो, पण..."

"साहेब, राग मानू नका. तुमची चांदी खोटी हाये असं मी म्हनत नाई. पन सोनाराकडे गेलं तरी आपन आपलीच देतो. जास्तीची उरली तं वापस द्या. नाई उरली तरी चालते."

तो डाक्टर भिंतीकडे तोंड करून उभा राह्यला. त्याचे खांदे हालून राह्यले होते. मले वाटलं रडते का काय. मंग वळला अन् एकदम गंभीर होऊन म्हनला, "भाऊ, असं अखंड जोडवं दाढेत बसत नाही. त्याची भुकटी लागते, आणि ती पाऱ्यात कालवावी लागते."

अन् त्यानं दुसऱ्या शिशीतून खलात पारा टाकला. गोल गोल, चमकता, इकडून तिकडे पळनारा.

आता आमच्याकडे लहान लेकराले बी माहीत हाये का पारा पोटात गेला तं आंगातून फुटून निंगते. मी खुर्चीतून उतरलो. एक पाय खाली, तोंडात कापसाचे बोळे, गळ्यात फडकं. डाक्टरनं माह्या खांद्याले धरलं. मी बोळ्यातून बोललो, "साहेब, मले हमालीत जाऊ द्या. मी बोजे उचलतो."

"काही होत नाही हो! घट्ट होतो तो. रोज भरतो मी लोकांना."

"ते लोक परत आले का कोनी?"

"परत येतात ना. दुसरी दाढ घेऊन."

मंग मी बसलो. हिंमत होती म्हनून नाई. भोक तसंच घेऊन घरी गेलो असतो तं बायकोनं त्याच्यात मीठ ठेवलं असतं. डाक्टरनं तो मसाला खलात घोटला, कपड्यात घालून पिळला, अन् दाबून दाबून दाढेत भरला. जसा बोऱ्यात कापूस पायानं दाबते तसा, फक्त बोटानं. मंग म्हनला, "उद्यापर्यंत या बाजूने काही चावायचं नाही. हात लावायचा नाही. टोकायचं नाही." अन् जोडवं कागदात बांधून माह्या खिशात ठेवलं.

टोकायचं नाई म्हटल्यावर मानूस काय करते? दुसरं कोनी असतं तं टोकलं नसतं. मी यष्टीच्या टेशनावर हाटेलात बसलो, डाव्या बाजूनं खाईन म्हनून भजे मांगतले. बाजूले जर्मनचा चमचा होता, तो पांढरा हलका असते ना, तो. मी म्हटलं, पाहू तं खरं, चांदी बसली का नाई. चमच्याचं टोक दाढेले लावलं.

झन्न!

मी बाकावरून खाली. भजे खाली. गिलास खाली. डोयापुढे पिवळं. "ईज! ईज!" मी वरडलो. "तोंडात ईज हाये!"

हाटेलवाला धावत आला. त्यानं वर दिव्याकडे पाह्यलं. घाटंजीत ईज तवा कुठं कुठं होती, यवतमाळात होती. तो म्हनला, "कुठं तार तुटली?"

"तार नाई, दाढ!"

त्यानं माह्या हातातला चमचा घेतला, मुठीत धरून पाह्यला, हालवून पाह्यला. काही झालं नाई. बाजूच्या बाकावरचा एक बुढा म्हनला, "पेलेला हाये. सोडा."

मी त्या बुढ्याले दाखवाले म्हनून परत चमचा लावला. परत झन्न! आता मात्र मले पक्कं झालं का डाक्टरनं पाय मारून मारून जी ईज काढली ती सारी माह्यात भरली. यष्टीत मी सारा रस्ता तोंड उघडं ठेवून बसलो. दात दाताले लागले तं काय होईन त्याचा भरोसा नाई. कंडाक्टर तिकिटाचं इचारे तं मी "आ" करून दाखवे. घाटंजी येईपर्यंत माह्या तोंडात अर्ध्या सडकेची धूळ होती.

घरी बायकोनं दारातच उजेडात उभं करून पाह्यलं. "काळं दिसते," ती म्हनली. "चांदी कुठं हाये?" मी तिले जोडवं वापस देलं अन् ईजेची गोष्ट सांगतली. ती म्हनली, "बरं झालं. चमचा लावू नका. आपल्याकडे तसा बी चमचा नाई."

तिसऱ्या दिवशी मी जीनमधी गेलो. दाढ दुखत नव्हती. मी बंडीवर चढलो, हात घातला, सरकी काढली, उजव्या दाढेखाली धरली. शेट गादीवरून पाहून राह्यला होता. मी देवाचं नाव घेतलं अन् चावलं.

कट्!

असा आवाज मी जनमात आइकला नव्हता. डोक्यात घंटा वाजल्यासारखा. मी बंडीवर नाचलो. "वाळला!" दुसरी बंडी. कट्! "वाळला!" तिसरी, चवथी, पाचवी. कट्, कट्, कट्! शेटनं समाधानानं पान लावलं. मले वाटलं, एका दाढेसाठी आपन येवढं घाबरलो, आता तं जुन्या दाढेच्या दसपट बोलते ही.

दुसऱ्या दिवशी बंड्या वाढल्या. तिसऱ्या दिवशी तं दुसऱ्या जीनच्या फाटकावरून बैल वळवून लोक आमच्याकडे याले लागले. तांड्यावरचे लोक आले, दूरच्या गावचे आले. येनारा प्रत्येक मानूस मले हात जोडे. "दातवाल्या, दात सुदरला बाप्पा तुहा!" एकानं तं माह्यासाठी गूळ आनला. मी बंडीवर उभा राहून मंत्र्यासारखा हात हालवून राह्यलो. शेडमधी बायको निवडत होती, तिनं एकदा मान वर करून माह्याकडे पाह्यलं. मले वाटलं, आता तरी फुगली असन.

चवथ्या दिवशी मिस्तरी इंजिनघरातून आला. हातात तेलाचं फडकं, तोंड लाल.

"सेठ! रेचे जाम हो रहे हैं. कपास लिपट रहा है. पानी है इसमें, पानी!"

रेचे म्हंजे सरकी काढायच्या मशिनी. शेट उठला. आंगनातल्या कापसाच्या गंजीजवळ गेला, बाही वर केली अन् कोपरापर्यंत हात आत घातला. लगेच बाहेर काढला. मी बी हात घातला. गंजी आतून गरम होती. शेनाच्या उकंड्यासारखी वाफ येऊन राह्यली होती. तीन दिवसाचा ओला कापूस मी वाळल्याच्या भावानं घेऊन त्या गंजीवर टाकला होता. 

शेट अजून बी वरडला नाई. त्यानं लोट्यातल्या पान्यात एक सरकी टाकली, बराच वेळ ठेवली, अन् दुसरी कोरडी घेतली. दोन्ही माह्या हातावर ठेवल्या. सारे हमाल, सारे बंडीवाले गोळा झाले. बाया बी हात थांबवून पाहाले लागल्या.

"चाव."

मी कोरडी चावली. कट्! ओली चावली. कट्! अगदी सारखी. मी म्हटलं, "शेट, देवाशपत, दोन्ही वाजल्या. ओली बी वाजली."

"मले एकच आवाज आला," शेट म्हनला.

"मेरे को भी एकच," मिस्तरी म्हनला.

हमाल बी तेच म्हनले. मी पाहत राह्यलो. माह्या डोक्यात दोन घंटा वाजल्या अन् साऱ्या जगाले एकच आइकू आली. तवा समजलं का ती चांदी माह्या हाडात ठोकून राह्यली होती. सरकी ओली असो का वाळली, धातू हाडावर बसला का मले कट् आइकू येनारच. मी आतून आइकत होतो. बाकीचे बाहेरून आइकत होते. अन् खरा आवाज बाहेरच होता.

शेट म्हनला, "उद्यापासून हमालीत ये."

 तेवढ्यात शेडमधून, खाली मुंडी घातलेलीच, माही बायको बोलली. शेटसमोर, साऱ्या मानसाइसमोर, पदर कपाळावर ओढून.

"पह्यली वाळली होती. दुसरी ओली. इथपर्यंत आइकू येते."

शेट वळला. "तिथून आइकू आलं तुले, बाई?"

"हाव."

शेटले इस्वास बसला नाई. त्यानं आनखी चार सरक्या भिजवल्या, चार कोरड्या घेतल्या, अन् बायकोले पाठ करून बसवलं. मी एक एक चावली, अन् चावली का शेट 'हं' म्हने. ती तिकडून सांगे. "वाळली. ओली. ओली. वाळली." आठच्या आठ बरोबर.  मिस्तरी म्हनला, "या अल्ला."

शेट मंग म्हनला, "असं करू. दाढ याची, कान हिचे. हा चावन, ही सांगन."

असं माहं काम वाचलं. पन एक इचार मले खाऊन राह्यला होता, तो मी घरी जाईपर्यंत दाबून ठेवला. घरी मी इचारलं, "तुले आधीपासून आइकू येत होतं?"

"येत होतं."

"दाढ दुखत होती अन् मी चुकून राह्यलो, तवा बी?"

"त्या मानसाचा वाळलेला कापूस तुमी ओला म्हटला तवा बी."

"अन् हे तीन दिवस? मी बंडीवर नाचत होतो तवा?"

"तवा बी."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"तुमी इचारलं काहून नाई?" ती म्हनली. "मी पाह्यलं होतं तुमच्याकडे. तुमी हात हालवून राह्यले होते."

मी खाली बसलो. तिच्यासमोर मी दहा वर्सं बढाया मारल्या. बजारात काय बोललो अन् घरी काय सांगतलं, दोस्ताइले काय म्हटलं अन् तिले काय. धा-पंधरा हातावरून भिजलेली सरकी जिले आइकू येते, ती बाई भिंतीच्या पलीकडून काय काय आइकत आली असन, याचा हिशोब मी कराले लागलो अन् मधातच सोडला.

चार-पाच दिवस मी चावलं अन् तिनं सांगतलं. मंग एका दिवशी एका बंडीवर मी सरकी तोंडात टाकनार तं ती शेडमधून उठून बंडीपाशी आली अन् तिनं हात पुढं केला. "आना इकडे. तुमच्या गालाचं मांस मधात येते." अन् पदराआड तोंड करून तिनं सोताच चावली. कट् वाजलं. मलेही आइकू आलं, बाहेरून, पह्यल्यांदा. "वाळला," ती हळूच म्हनली.

शेटनं पाह्यलं. चालू देलं. फक्त येवढंच ठरलं का बाईमानसानं फाटकावर वरडू नये. म्हनून ती चावायची, मी बंडीवरून वाकलो का हळूच माह्या कानात सांगायची, अन् मी वरडायचो. खालच्या थरातून कापूस ओढाले हात माहाच लांब होता, तेवढं काम खरं माहं. दुसऱ्या गावाहून येनाऱ्या लोकाइले हे काय माहीत. ते म्हनत, यवतमाळच्या डाक्टरनं दातवाल्याले चांदीची दाढ बसवून देली, आता केसभर बी चुकत नाई. मी कोनाले खरं सांगतलं नाई.

एक म्हातारा शेतकरी राळेगावच्या बाजूचा. त्याचा कापूस मी "वाळला!" म्हटला अन् तो खुश होऊन म्हनला, "दातवाल्या, ते चांदी तं दाखव एकडाव."

मी बंडीवर उभा राहून कानापर्यंत तोंड वासलं. तो टाचा वर करून पाहून राह्यला, त्याच्यामागं आनखी चार लोक वाकून पाहून राह्यले. मी बोटानं दाढ दाखवून राह्यलो.

खालून धोतर ओढलं गेलं. बायकोच्या मुठीत पुढच्या बंडीची चावलेली सरकी होती.

"मिटा आता ते," ती म्हनली. "ओला हाये. वरडा."